गियर नीट पडायला हवे असतील तर चेनची लांबी आधी ठरवावी

गियर नीट पडत नाहीत अशी तक्रार असली, की बहुतेकांचा हात सर्वप्रथम केबलच्या ताणाकडे जातो. मागच्या डिरेलरवरचा (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेवरचा) ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर अर्धा वेढा इकडे, अर्धा वेढा तिकडे फिरवला जातो, त्यानंतर डिरेलर दोन्ही टोकांना किती सरकेल हे ठरवणाऱ्या लिमिट स्क्रूंची पाळी येते, आणि तरीही मागच्या चाकावरच्या मोठ्या कॉगवर (दातेरी चकतीवर) चढताना चेन अडखळतच राहते. सायकलींवर काम करता करता माझे असे मत बनले आहे, की या साऱ्या जुळवाजुळवीच्या आधी चेनची लांबी निश्चित झालेली असली पाहिजे. लांबी चुकलेली असेल तर डिरेलर ज्या स्थितीत उभा राहतो ती स्थितीच चुकीची असते, आणि चुकीच्या स्थितीत उभ्या असलेल्या डिरेलरला केबलने कितीही समजावले तरी तो सर्व गियरांवर सारखा वागत नाही. म्हणून चेन बदलताना, कॅसेट (मागच्या कॉगांचा संच) बदलताना किंवा जुनी सायकल नव्याने जुळवताना मी लांबीला पुरेसा वेळ देतो.

आधी चेनचे माप समजून घेऊ. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. कड्या दोन प्रकारच्या असतात, अरुंद आतली आणि रुंद बाहेरची, आणि त्या एकाआड एक येतात. गियरच्या सायकलीवर चेनचे वर्तुळ पूर्ण करताना आतल्या कडीला बाहेरचीच कडी मिळाली पाहिजे, त्यामुळे एकूण कड्यांची संख्या नेहमी सम येते आणि चेन कमी-जास्त करायची तर ती दोन कड्यांनी, म्हणजे एका पूर्ण इंचानेच करता येते. लांबी ठरवताना याचा मोठा उपयोग होतो, कारण निर्णय मिलिमीटरांचा उरत नाही. आपल्याला एवढेच ठरवायचे असते, की हा एक इंच ठेवायचा की काढायचा.

लांबी तीन गोष्टींवर अवलंबून असते. पुढच्या सर्वांत मोठ्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चकतीचे) दाते, मागच्या सर्वांत मोठ्या कॉगचे दाते आणि चेनस्टेची लांबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडल जिच्याभोवती फिरतात त्या बैठकीच्या) मध्यापासून मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर. नवी चेन डब्यातून निघते तेव्हा तिच्यावर ११६, ११८ किंवा १२६ कड्या असा काही आकडा असतो, पण त्या आकड्याला आपल्या सायकलीची काहीच माहिती नसते. चेन मुद्दाम लांब दिलेली असते, ती कापून घ्यावी या अपेक्षेनेच. डब्यातली चेन तशीच बसवून मोकळे होणे हा गियरच्या कुरकुरीचा फार मोठा उगम आहे.

एक उदाहरण घेतो, कारण आकडे समोर असले की डिरेलरवर केवढे काम पडते ते लक्षात येते. चेनस्टे ४३० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १६.९ इंच, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चेनरिंग, मागे ११ ते ३२ दात्यांची कॅसेट. मोठी चेनरिंग आणि मोठा कॉग यांच्याभोवती डिरेलर वगळून थेट चेन गुंडाळली, तर सुमारे साडेचोपन्न इंच चेन लागते. लहान चेनरिंग आणि लहान कॉग यांच्याभोवती मात्र सुमारे सव्वापंचेचाळीस इंच पुरते. मधला फरक सव्वानऊ इंचांच्या आसपास आहे. हे सव्वानऊ इंच कोणीतरी गिळावे लागतात आणि ते काम डिरेलरच्या केजमधल्या, म्हणजे दोन छोटी जॉकी व्हील (दातेरी चाके) धरणाऱ्या झुलत्या चौकटीतल्या, स्प्रिंगचे असते. या सायकलीला ५६ इंचांची, म्हणजे ११२ कड्यांची चेन योग्य ठरते. तेव्हा मोठ्या-मोठ्या जोडीवर डिरेलरकडे जेमतेम दीड इंच जास्तीची चेन उरते आणि लहान-लहान जोडीवर साडेदहा इंचांहून अधिक. याच दोन टोकांमध्ये केज पुढे-मागे झुलत असते.

आता यातून कड्यांची एक जोडी कमी केली असे समजा. चेन ५५ इंचांची झाली, आणि मोठ्या-मोठ्या जोडीवर डिरेलरच्या दोन जॉकी व्हीलांमधून वळण घेण्यासाठी तिच्याजवळ फक्त अर्धा इंच उरला. केज पुढच्या दिशेला इतकी ताणली जाते, की चेन जवळजवळ सरळ रेषेत येते, पेडल जड होते आणि चेन पुन्हा लहान कॉगवर उतरायलाही तयार नसते. कड्यांची आणखी एक जोडी काढली तर चेन त्या जोडीवर पुरतच नाही. अशा वेळी स्वार पूर्ण जोर लावत असेल तर डिरेलरचा हँगर (तो ज्यावर अडकवलेला असतो तो भाग) वाकतो, केज मोडते, किंवा डिरेलर ओढला जाऊन स्पोकांमध्ये अडकतो आणि चाक जागच्या जागी बंद पडते. यावर अनेकजण सांगतात, की मोठी चेनरिंग आणि मोठा कॉग ही जोडी आम्ही कधी वापरतच नाही. हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. चढावर दमलेल्या माणसाचे बोट आणखी एक क्लिक दाबते तेव्हा पुढे कोणती चेनरिंग आहे हे त्याच्या लक्षात असतेच असे नाही, आणि सायकल कधीतरी दुसऱ्या कोणाच्या हातातही जाते. जी जोडी शिफ्टरवर निवडता येते, ती चेनला पेलता आलीच पाहिजे.

चेन लांब झाली तर धोका कमी असतो, पण त्रास रोजचा असतो. लहान-लहान जोडीवर केज पूर्ण मागे जाऊनही चेन ताणली जात नाही, खालची बाजू लोंबते, कधी केजजवळ चेन स्वतःवरच घासते. खडबडीत रस्त्यावर ती चेनस्टेवर आपटते आणि चेनरिंगवरून सुटण्याची शक्यता वाढते. लांब आणि आखूड यांत निवड करायचीच असेल तर मी लांब निवडीन, कारण लांब चेन आवाज करते आणि आखूड चेन मोडतोड करते. मात्र योग्य लांबी काढणे इतके अवघड नाही, की ही निवड करण्याची वेळ यावी.

लांबीचा गियर पडण्याशी थेट संबंध कसा येतो हे फारसे सांगितले जात नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. चेनला एका कॉगवरून दुसऱ्यावर ढकलण्याचे काम वरचे जॉकी व्हील करते. ते कॉगच्या जितके जवळ असेल तितका मधला चेनचा तुकडा छोटा राहतो आणि ढकलणे नेमके होते. ते फार जवळ आले तर कॉगवर घासते आणि खडखडते, फार दूर गेले तर चेन वाकते पण चढत नाही. जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये डिरेलरचा समांतरभुज सांगाडा तिरका बसवला तो याचसाठी: डिरेलर आत सरकताना वाढत्या कॉगांच्या उताराबरोबर खालीही सरकावा आणि हे अंतर जवळजवळ सारखे राहावे. त्यांचे पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनीही ही रचना घेतली, आणि १९८४ मध्ये शिमानो कंपनीने आपल्या ड्युरा-एस या मालिकेत इंडेक्स शिफ्टिंग आणले, ज्यात प्रत्येक क्लिकला ठरावीक लांबीची केबल ओढली जाते. त्याआधीच्या घर्षणावर चालणाऱ्या शिफ्टरमध्ये स्वार लिव्हर जरा जास्त ओढून मग परत आणू शकत असे, त्यामुळे अंतर थोडे चुकले तरी हाताने भागत होते. क्लिकच्या शिफ्टरमध्ये ती सवलत राहिली नाही.

आता लांबीकडे येऊ. पुष्कळ डिरेलरांमध्ये वरचे जॉकी व्हील केजच्या फिरण्याच्या मध्यावर नसते, त्यापासून थोडे बाजूला असते. म्हणजे केज पुढे किंवा मागे झुलली, की वरचे जॉकी व्हीलही कॉगच्या जवळ किंवा दूर जाते. केज किती झुलेल हे चेनच्या लांबीवर ठरते. पुढे एकच चेनरिंग आणि मागे ५० दात्यांच्या आसपासचे कॉग असलेल्या माउंटन बाइकवर हे सर्वांत स्पष्ट दिसते. स्रॅम कंपनीच्या ईगलसारख्या रचनेत समांतरभुज सांगाडा तिरका नसून आडवा चालतो, आणि मोठ्या कॉगपासून जॉकी व्हील दूर नेण्याचे काम केजच्या झुलण्यावरच सोपवलेले असते. तिथे चेन एक-दोन जोड्यांनी लांब राहिली, तर मोठ्या कॉगवर केज हवी तेवढी पुढे येत नाही, जॉकी व्हील कॉगला चिकटून राहते आणि माणूस जॉकी व्हील आणि कॉग यांतले अंतर बदलणारा बी-टेन्शन स्क्रू आवळत बसतो. स्क्रू आवळून मोठ्या कॉगवरचा आवाज जातो, पण लहान कॉगांवर अंतर वाढते आणि तिथले गियर सुस्तावतात. हा स्क्रू शेवटच्या टोकापर्यंत आवळलेला दिसला, की मी सर्वप्रथम चेनच्या कड्या मोजतो.

लांबी काढण्याची जी रीत मी सर्वांत विश्वासाची मानतो ती मोठ्या-मोठ्या जोडीची. सायकल स्टँडवर घ्यावी, पुढचा डिरेलर असल्यास तो मोठ्या चेनरिंगच्या रेषेत आणावा आणि नवी चेन पुढच्या डिरेलरच्या केजमधून ओवून मोठ्या चेनरिंगवर व मागच्या सर्वांत मोठ्या कॉगवर गुंडाळावी. मागच्या डिरेलरमधून मात्र ती अजून ओवायची नाही. पुढचा डिरेलर वगळून मोजले तर जोडताना चेन पुन्हा काढावी लागते, म्हणून हा क्रम पाळलेला बरा. चेनची दोन्ही टोके चेनरिंगच्या खालच्या बाजूला एकमेकांकडे ओढावीत, खालची बाजू ताठ होईपर्यंत. आता हातातल्या टोकाकडे नीट पाहावे. एक टोक स्थिर मानून दुसऱ्या बाजूची कोणती पिन त्याला गाठू शकते हे शोधायचे, आणि गाठणाऱ्या दोन कड्या एक आतली व एक बाहेरची असल्या पाहिजेत. दोन्ही आतल्या समोरासमोर येत असतील तर लांब बाजूची पुढची कडी धरायची. तिथून पुढे आणखी दोन पिना मोजायच्या, म्हणजे एक पूर्ण इंच वाढवायचा, आणि तिथे कापायचे. हा वाढवलेला इंच दोन जॉकी व्हीलांभोवती चेनने घेतलेल्या वळणासाठी असतो.

क्विक लिंक (चेन जोडण्याची दोन भागांची सुटी कडी) वापरायची असेल तर मोजण्याच्या वेळीच तिचा एक अर्धा भाग स्थिर टोकाच्या आतल्या कडीत बसवून ठेवावा, कारण क्विक लिंक स्वतः एक बाहेरची कडी असते. हे विसरले, की चेनची दोन्ही टोके जुळत नाहीत, किंवा एक जोडी जादा कापली जाते. कापण्याआधी मी चेन पुन्हा एकदा ताणून पाहतो आणि पिन ढकलण्यासाठी चेन कटर लावण्यापूर्वी त्या पिनेवर रंगाचा ठिपका देतो. चेन कटरची सुई पिनेच्या मध्यावर बसली आहे की नाही हे उजेडात पाहावे. जादा राहिलेली जोडी दोन मिनिटांत काढता येते, जादा कापलेली परत घालणे मात्र कटकटीचे असते, म्हणून शंका असेल तर आधी लांब ठेवून तपासावे. अकरा आणि बारा गियरच्या बहुतेक क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात आणि काहींना दिशा असते, तेव्हा तपासणीसाठी वापरायची लिंक वेगळी ठेवणे चांगले.

चेन डिरेलरमधून ओवून जोडल्यावर दोन तपासण्या कराव्यात. पेडल हाताने हळूहळू फिरवत मोठ्या-मोठ्या जोडीवर जावे. केज पुढे ताणलेली असेल, पण दोन्ही जॉकी व्हीलांपाशी चेनला स्पष्ट वळण दिसले पाहिजे आणि केजला बोटाने आणखी थोडे पुढे ढकलता आले पाहिजे. मग लहान-लहान जोडीवर यावे. खालची बाजू थोडी सैल वाटेल, पण ती लोंबता कामा नये आणि चेन कुठेही स्वतःला शिवता कामा नये.

गणिताने पडताळा घ्यायचा असेल तर सूत्र सोपे आहे. चेनस्टेची इंचांतील लांबी दुप्पट करावी, तीत मोठ्या चेनरिंगच्या दात्यांचा चौथा भाग आणि मोठ्या कॉगच्या दात्यांचा चौथा भाग मिळवावा, आणि शेवटी एक इंच मिळवून येणारा आकडा पुढच्या पूर्ण इंचापर्यंत वाढवावा. वरच्या उदाहरणात ३३.९, १२.५, ८ आणि १ मिळून ५५.४ येतात, म्हणून ५६ इंच. चेनरिंग आणि कॉग यांच्या आकारात फार तफावत असेल तर सूत्र किंचित कमी सांगते, त्यामुळे आकडा पूर्ण इंचाच्या अगदी जवळ आला तर सूत्रावर न विसंबता प्रत्यक्ष चेन गुंडाळून पाहावी. मी सूत्राचा उपयोग चेन मागवण्यापूर्वी करतो, कारण लांब चेनस्टेच्या किंवा मोठ्या कॅसेटच्या सायकलीला ११४ कड्यांची चेन पुरेल की नाही हे आधीच कळते.

जुनी चेन शेजारी लटकवून नवी तेवढीच कापायची, ही रीत सर्वांत प्रचलित आहे आणि तिच्यात दोन खोट आहेत. पहिली अशी, की जुनी चेन बरोबर होती हे गृहीत धरले जाते. ती कदाचित आधीच्या लहान कॅसेटसाठी कापलेली असेल, किंवा वाटेत तुटल्यावर एक जोडी काढून जोडलेली असेल. दुसरी खोट झिजेची. वापराने पिना आणि त्यांच्या बैठकी झिजतात आणि चेन लांबते. ११२ कड्यांची चेन नवी असताना १,४२२ मिलिमीटर भरते, आणि ती ०.७५ टक्के लांबली असेल तर साडेदहा मिलिमीटरांहून अधिक वाढलेली असते, म्हणजे जवळजवळ एका कडीएवढी. दोन चेन वरून जुळवून खालची टोके पाहिली तर नजर फसते. म्हणून जुन्या चेनवरून माप घ्यायचेच असेल तर कड्या मोजाव्यात, लांबी नव्हे. मोजताना दहा-दहा कड्यांवर खूण करत गेले तर चूक होत नाही, आणि क्विक लिंक एक कडी म्हणून धरायला विसरू नये.

मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीला एक वेगळी काळजी लागते. चाक खड्ड्यात वर उचलले जाते तेव्हा पुष्कळ रचनांमध्ये बॉटम ब्रॅकेट आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर वाढते. स्टँडवर मोजलेली चेन मग प्रत्यक्ष चालवताना आखूड पडू शकते, आणि तेही नेमके स्वार मोठ्या कॉगवर असताना. यावर उपाय असा, की शॉकमधली हवा काढावी किंवा स्प्रिंग उतरवावी, सस्पेन्शन पूर्ण दाबावे, कोणत्या जागी अंतर सर्वांत जास्त होते ते पाहावे आणि त्याच स्थितीत मोठ्या-मोठ्या जोडीचे माप घ्यावे. डिरेलर बनवणारे काहीजण अशा सायकलींसाठी जादा कड्यांचा स्वतंत्र आकडा देतात. तो दिलेला असेल तर तोच पाळावा, कारण तो त्या डिरेलरच्या केजचा विचार करून ठरवलेला असतो.

आणखी दोन रीती जुन्या माहितगारांकडून ऐकायला मिळतात. एकीत मोठी चेनरिंग आणि सर्वांत लहान कॉग यांवर चेन ठेवून दोन्ही जॉकी व्हील जमिनीला लंबरेषेत आणायचे असतात. सर्वांत मोठा कॉग २७ दात्यांचा किंवा त्याहून लहान असलेल्या रेसिंग सायकलींसाठी शिमानो ही रीत सांगत असे, आणि तिथे ती बरोबर चालते. आजच्या ३२ किंवा ३४ दात्यांच्या कॅसेटवर ती आंधळेपणाने वापरली तर चेन मोठ्या-मोठ्या जोडीला आखूड पडण्याची भीती असते. दुसरी कँपाग्नोलो कंपनीची, लहान-लहान जोडीवर वरचे जॉकी व्हील आणि खालून येणारी चेन यांत साधारण एक सेंटिमीटर अंतर ठेवण्याची. ही चेनची जास्तीत जास्त चालण्याजोगी लांबी दाखवते. दोन्ही रीतींनंतर मोठ्या-मोठ्या जोडीची तपासणी केलीच पाहिजे.

कधी कधी दोन्ही तपासण्या एकाच लांबीत उतरत नाहीत. मोठ्या-मोठ्या जोडीला पुरेल अशी चेन लहान-लहान जोडीवर लोंबते. अशा वेळी दोष चेनचा नसतो, डिरेलरच्या क्षमतेचा असतो. पुढच्या चेनरिंगच्या दात्यांतला फरक आणि मागच्या मोठ्या व लहान कॉगांतला फरक यांची बेरीज करावी. वरच्या उदाहरणात १६ आणि २१ मिळून ३७ येतात. डिरेलरची सांगितलेली क्षमता यापेक्षा कमी असेल तर लांब केजचा डिरेलर लावावा. तो लगेच मिळत नसेल तर लांबी मोठ्या-मोठ्या जोडीप्रमाणेच ठेवावी आणि लहान-लहान जोडी टाळावी. या बाबतीत तडजोड नेहमी लहान बाजूला करावी, मोठ्या बाजूला कधीही करू नये.

हाच हिशोब कॅसेट बदलताना उपयोगी पडतो. सूत्रात दात्यांचा चौथा भाग येतो, म्हणजे सर्वांत मोठ्या कॉगचे आणि चेनरिंगचे मिळून दर चार दाते वाढले की चेनला एक इंच वाढ लागते. चढांसाठी म्हणून २८ दात्यांच्या कॉगऐवजी ३४ चा कॉग लावला तर गरज दीड इंचाने वाढते. आधीची चेन नेमकी असेल तर दोन जोड्या, आधी थोडी ढिलाई असेल तर एक जोडी जादा लागते. झिजलेल्या चेनमध्ये नव्या कड्या जोडून ही वाढ भरून काढणे मला पटत नाही, कारण जुन्या आणि नव्या कड्यांच्या पिनांमधले अंतर सारखे राहत नाही आणि जोड त्याच जागी आवाज करू लागतो. मोठी कॅसेट घेतली की चेनही नवीच घ्यावी, आणि नव्या कॅसेटचा सर्वांत मोठा कॉग हबवर बसवल्यानंतरच ती गुंडाळून मोजावी.